शिरोरेखा आणि वाकडी फळी

गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालू आहे. वाकडी फळी आधी रंधून सरळ करायची, की ती वाकडी आहे हे मान्य करून तिच्यावर काम करायचं? वादात तीन पक्ष आहेत: आमचा नातू, त्याचा कॉलेजातला मित्र आणि ओळखीचे एक सुतारकाका. मी चौथी. फळी माझी, तरी माझं मत कुणी विचारलं नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडते आहे. नातेवाईक मंडळींनी यातलं बरंचसं फोनवर ऐकलं आहे. त्यांनी पुन्हा वाचावं लागतंय म्हणून कुरकुर करू नये.

आधी फळीची हकीकत. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि आम्ही तात्पुरते लालबागला भाड्याच्या जागेत आलो. सामान हलवताना कुणी पितळेचे डबे घेतले, कुणी झोपाळ्याच्या कड्या घेतल्या. मी दाराच्या फळ्या मागितल्या. त्यातली एक खालून कुजलेली निघाली, दुसरी चांगली होती. तिचा अठ्ठावीस सेंटिमीटर लांब आणि सोळा सेंटिमीटर रुंद असा तुकडा कापून घेतला. जुनं सागवान. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून दर दसऱ्याला आणि पाडव्याला त्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक निघालेलं मी पाहिलं आहे. आधी सासूबाई काढायच्या, मग मी. इतक्या वर्षांत ते कुंकू लाकडात मुरलं. आता स्वस्तिक असं दिसत नाही, उजव्या कोपऱ्यात नुसता तांबूस डाग दिसतो. पण तो कसला आहे ते मला माहीत आहे.

आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडं होती. या तुकड्यावर त्या अकरा घरांची आडनावं कोरायची आणि नवीन इमारत झाली की आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये लावायची, अशी माझी कल्पना. नातू म्हणाला, "आजी, मी कोरून देतो, माझं मशीन आहे ना." त्याचं मशीन म्हणजे हौशी लोकांचं छोटं सीएनसी. टेबलावर मावणारं, ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर एवढ्या जागेत काम करणारं, म्हणून त्याचं नावच ३०१८ पडलं आहे. सुटे भाग जोडून घरीच उभं करायचं. त्यात एक बारीक फिरकं हत्यार असतं. ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकतं, आणि कुठे किती सरकायचं ते आकड्यांच्या ओळींनी सांगावं लागतं. या ओळी वाचून मोटारी फिरवणारा जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम २००९ मध्ये नॉर्वेतल्या एका गृहस्थांनी लिहिला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. आज जगभरातली अशी असंख्य छोटी मशीनं त्यावर चालतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं. असो.

या मशीनमध्ये एक मोठा दोष आहे आणि सगळा वाद त्यातून निघाला आहे. ते आंधळं आहे. तुम्ही एका जागी हत्यार फळीला टेकवून सांगायचं, "हे शून्य." त्यानंतर ते असं धरून चालतं की सगळी फळी त्याच शून्यावर आहे, आरशासारखी सपाट. अर्धा मिलिमीटर खोल जा म्हटलं की ते शून्यापासून अर्धा मिलिमीटर खाली जातं. तिथे लाकूड आहे की हवा, हे त्याला कळत नाही.

(इथे एक गंमत सांगते. मुलगा सारखा "खोली किती ठेवू, खोली किती ठेवू" विचारत होता आणि माझ्या डोक्यात दर वेळी गिरगावची दहा बाय बाराची खोली यायची. त्या खोलीत सात माणसं राहिली आणि याची खोली अर्ध्या मिलिमीटरची!)

चाचणी कुजलेल्या फळीच्या चांगल्या भागावर घेतली. मीच त्याला म्हटलं की मुद्दाम अनुस्वाराची आडनावं घे: शिंदे, सावंत, तांबे. मराठीची शिक्षिका, दुसरं काय सुचणार! मशीन घरघर करत फिरलं. सात-आठ मिनिटांनी भुसा झटकून पाहिलं तर डावीकडचे 'शिंदे' जाडजूड, काळेकुट्ट, पाटीवर खडूची आडवी बाजू घासावी तसे. मधले 'सावंत' बरे. आणि उजवीकडे 'तांबे' यांचा अनुस्वार गायब, शिरोरेखा अर्ध्यातच विरलेली. 'ताबे' असं काहीतरी उरलं होतं आणि तेही चष्मा लावून.

देवनागरीची अडचण इथेच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एखादं थोडं जाड आणि एखादं थोडं बारीक झालं तर डोळा माफ करतो. आपली शिरोरेखा म्हणजे लाकडावर ठेवलेली पट्टीच. जिथे लाकूड वर येतं तिथे ती जाड होते, जिथे खाली जातं तिथे बारीक. फळीचा सगळा वाकडेपणा ती चव्हाट्यावर मांडते. आणि खड्ड्यात सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वाराचा, कारण तो जेमतेम टेकवलेला ठिपका.

जाडी का बदलते, तर हत्याराचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं असतं. त्याला व्ही-बिट म्हणतात. आमचं नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं, साठ अंशांचं. ते अर्धा मिलिमीटर खोल गेलं तर रेघ साधारण ०.६ मिलिमीटर रुंद उमटते. तेच ०.९ गेलं तर रुंदी एक मिलिमीटरच्या पुढे. म्हणजे फळीच्या उंचीत ०.४ मिलिमीटरचा फरक पडला तरी रेघ जवळजवळ दुप्पट जाड होते. आणि ०.४ मिलिमीटर म्हणजे किती? नुसत्या डोळ्याला ती फळी अगदी सपाट दिसत होती. स्टीलची पट्टी उभी धरून मागे दिवा लावला तेव्हा मधोमध पट्टीखालून उजेड दिसला.

आता तिघांची मतं.

मित्राचं मत: "सगळीकडेच खोल जाऊ दे ना. सगळ्यात खालच्या जागेपर्यंत पोचेल एवढं." हे मत मला अजिबात पटलं नाही. तसं केलं तर उंच भागातल्या अक्षरांची पोटं बुजतात. 'ब' आणि 'व' यांत फरक राहत नाही. एका घराचा अनुस्वार वाचवायला दुसऱ्या घराचं नाव बुजवायचं, हा कुठला न्याय!

सुतारकाकांचं मत: "बाई, रंधा मारा. एक मिलिमीटर काढलं की फळी काचेसारखी. मग तुमचं मशीन काय वाटेल ते कोरू दे." त्यांचं शास्त्र बरोबर आहे. मशीनवालेही हेच करतात. मोठं चपटं हत्यार लावून सगळा पृष्ठभाग एकसारखा छिलून घेतात. त्याला ते फेसिंग म्हणतात. मशीन जी पातळी ओळखतं तीच फळीला दिली की भांडणच मिटलं. पण त्या एक मिलिमीटरमध्ये सासूबाईंचं कुंकू होतं. मी नको म्हटलं. काका माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिले. मीही कारण सांगितलं नाही.

नातवाचं मत: "ऑटो-लेव्हल करू." आणि हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू ही गोष्ट गेल्या वर्षी शोधली गेली.

ऑटो-लेव्हल म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगते. कोरण्याआधी हत्याराच्या जागी एक प्रोब लावायचा. आमचा प्रोब म्हणजे खाली स्प्रिंगची दांडी असलेलं एक बारीक बटण. मशीन तो हळूहळू खाली आणतं. दांडी लाकडाला टेकली, बटण दाबलं गेलं की तिथल्या तिथे थांबतं, उंची लिहून घेतं, वर उचलतं आणि पुढच्या जागी जातं. असं सगळ्या फळीवर चौकटीचौकटीने. शेवटी फळीच्या उंचसखलपणाचा नकाशा तयार होतो. मग कोरताना कँडल किंवा बीसीएनसीसारखा प्रोग्रॅम प्रत्येक जागी त्या नकाशात बघून हत्यार तेवढं वर किंवा खाली करतो. मधल्या जागांची उंची भोवतालच्या बिंदूंवरून हिशेबाने काढतो. आणि लांब शिरोरेखा असली तर तिचे छोटे छोटे तुकडे करतो, कारण मशीनला रेघेची फक्त दोन टोकं सांगितली तर ते मधला खड्डा न बघता सरळ जाईल. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला त्याची त्याची उंची देता येते. हे तुकड्यांचं ऐकून मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

पण नवीन? छे! हे मी १९८० च्या आसपास गिरगावात पाहिलेलं आहे.

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. तेव्हा गिरगाव-काळबादेवी म्हणजे छापखान्यांचं माहेरघर. कोलभाट गल्लीतलं निर्णयसागर, खटाववाडीतलं मौज ही मोठी नावं, आणि गल्लीबोळांत छोटे छापखाने तर किती! आमचा अंक अशाच एका छोट्या छापखान्यात ट्रेडल मशीनवर छापला जायचा. शिशाचे खिळे जुळवून फॉर्मा बांधत. सगळे खिळे एकाच उंचीचे असायला हवेत. इंग्रजी खिळ्याची ठरलेली उंची ०.९१८ इंच, हजाराव्या भागापर्यंत. पण वापरून वापरून खिळे झिजत, ठोकळा जरा वर राही, यंत्राचा पाटाही कुठेतरी खचलेला असे. मग पहिला कागद छापला की मधला परिच्छेद फिका आणि कडेची ओळ भडक. अगदी आमच्या 'शिंदे-तांबे' यांच्यासारखं.

तिथले मशीनमन काय करत? तो कागद उलटा करून पाठीमागून बोटं फिरवत. जिथे अक्षरं टोचल्यासारखी लागत तिथे दाब जास्त, जिथे काही लागत नसे तिथे कमी. पेन्सिलीने खुणा करत. मग कागद ज्या गादीवर दाबला जातो तिच्या आत, फिक्या जागेच्या बरोबर मागे, पातळ टिश्यू कागदाचे कपटे खळीने चिकटवत. कुठे एक, कुठे दोन. भडक जागी उलट कागद कापून काढत. पुन्हा छाप, पुन्हा बोट. याला ते मेकरेडी म्हणत. एका फॉर्म्याला दीड-दोन तास सहज जात. मी एकदा अधीर होऊन विचारलं, "अहो, छपाई कधी सुरू करणार?" ते मान वर न करता म्हणाले, "बाई, चालूच आहे की."

निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते. पुढे १८६९ मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि त्याच्या अक्षरांचं देखणेपण सगळ्या देशात नावाजलं गेलं. मला वाटतं, खिळे घासणाऱ्या पोराला एक गोष्ट पक्की कळलेली असणार की डोळ्याला सारखं दिसणारं बोटाला सारखं लागत नाही.

तर नातवाला मी मेकरेडीची हकीकत सांगितली. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे हाइटमॅपच की! फक्त ते खालून कागद लावायचे आणि आपण वरून हत्यार हलवतो." मुलगा हुशार आहे, माझा म्हणून सांगत नाही.

इथपर्यंत मी नातवाच्या बाजूने. पण इथूनच आमचं बिनसलं.

त्याचं म्हणणं, नकाशा काढला की काम झालं, बाकी सगळं प्रोग्रॅम बघेल. मी म्हटलं, नकाशा काढणाऱ्यालाच आधी तपास. एकाच जागी दहा वेळा टेकव आणि दहा आकडे लिहून काढ. त्याला हा वेळेचा अपव्यय वाटला. चेहरा दहावीच्या मुलांसारखा झाला, जादा तासाला बसवल्यावर होतो तसा. पण केलं. दहा आकड्यांत कमीतकमी आणि जास्तीतजास्त यांत ०.१५ मिलिमीटरचा फरक निघाला. फळी तीच, जागा तीच! म्हणजे तो जो नकाशा काढणार होता त्यात फळीबरोबर प्रोबचा स्वतःचा डळमळीतपणाही आला असता आणि मशीनने तो इमानेइतबारे लाकडात कोरला असता. शोधल्यावर कळलं की प्रोबची दांडी स्पिंडलच्या पकडीत नीट आवळलेली नव्हती. आवळल्यावर पुन्हा दहा वेळा. आता फरक ०.०२.

मला हे सुचलं त्याला कारण आहे, आणि ते फारसं भूषणावह नाही. एका वर्षी सहामाहीच्या मराठीच्या पेपरांचे गुण मी उत्तरपत्रिकेवर न लिहिता वेगळ्या यादीत लिहिले होते आणि ती यादी कुठेतरी गेली. आठवड्याने सगळे निबंध पुन्हा तपासले. मग जुनी यादी सापडली. एका मुलीला पहिल्यांदा वीसपैकी नऊ दिले होते, दुसऱ्यांदा तेरा. निबंध तोच, अक्षर तेच, तपासणारी तीच. पहिल्या वेळी तिचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी होता आणि रात्रीचे अकरा वाजून गेले असावेत. मी तेरा ठेवले. पण त्याआधीच्या कितीतरी वर्षांत कितीतरी मुलांना माझे नऊ मिळाले असतील, त्यांच्या याद्या हरवल्या नव्हत्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत गठ्ठा संपला की पहिले पाच पेपर मी पुन्हा वाचत असे, गुण झाकून. सहकारी हसायचे.

दुसरं भांडण क्लॅम्पवरून. फळी मशीनच्या पाटावर पक्की धरायला चार कोपऱ्यांत पकडी आवळतात. याने फळी सैल ठेवून अर्धा नकाशा काढला, जेवायला उठला, आणि परत आल्यावर "जरा हलतेय" म्हणून एक क्लॅम्प आणखी आवळून पुढचा अर्धा सुरू केला. बाक आलेली फळी कोपऱ्यात आवळली की तिचा बाक बदलतो. पहिल्या अर्ध्याला आता काही अर्थ उरला नाही. पुन्हा पहिल्यापासून. शिवाय श्रावणाचे दिवस. खाली गल्लीत मंडपाचे बांबू उभे राहत होते आणि वर आमच्या घरात डब्यातलं मीठसुद्धा ओलसर झालं होतं. मशीनच्या पाटावरची एमडीएफची फळी अशा हवेत फुगते. काल काढलेला नकाशा आज चालेल याचा भरवसा नाही. म्हणून माझा आग्रह असा होता की आवळायचं, नकाशा काढायचा आणि फळी न हलवता त्याच दिवशी कोरायचं. जेवण नंतर.

वर्गाबद्दल आम्ही मास्तर मंडळीही हेच म्हणायचो. जूनमध्ये घेतलेल्या चाचणीवरून फेब्रुवारीत मुलाचा अंदाज बांधू नये. म्हणायचो खरं.

हे सगळं चालू असताना शेजारचे एक आजोबा डोकावले. ते परळच्या गिरणीत फिटर होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांनी मशीन निरखून पाहिलं आणि विचारलं, "निळं लावता का?" त्यांच्या खात्यात लोखंडी भाग सपाट करायचा असला की अचूक सपाट पाटाला निळं रंगद्रव्य लावून त्यावर तो भाग घासत. जिथे निळं लागलं ते उंच, तेवढंच खरवडायचं. मग पुन्हा निळं. दिवसभर. मग त्यांनी नातवाला विचारलं, "हे तुमचं यंत्र वाकडं निघालं तर त्याला सरळ करता, की वाकडं धरूनच चालता?" नातू म्हणाला, "धरून चालतो." आजोबा म्हणाले, "कशावर काम आहे त्यावर आहे बाबा." आणि चहा न घेता गेले.

त्यांचं बोलणं मला पुरेपूर पटलं आणि माझं मतही शेवटी तिथेच येऊन थांबलं. नातवासारख्या हौशी मुलांमध्ये सध्या असं दिसतं की ऑटो-लेव्हल आहे ना, मग पाट कसाही असो. हे चूक आहे. अक्षरं कोरायची असतील, किंवा ही मुलं तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीवर इलेक्ट्रॉनिक सर्किट कोरतात तसं काम असेल, तर हत्याराने पृष्ठभागाच्या मागे मागे जायला हवं. सर्किटच्या पट्टीवर तांबं साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसावा हिस्सा. तिथे नकाशाशिवाय गत्यंतर नाही. पण तेच लाकडात वाटी बसवायला गोल खाच करायची असेल, तर खाचेचा तळ सपाट हवा. तिथे नकाशा लावला तर फळीचा बाक खाचेच्या तळात उतरेल आणि वाटी डुगडुगेल. तिथे सुतारकाकांचा रंधाच बरोबर. आणि स्पिंडल स्वतः तिरका बसला असेल तर नकाशा त्यावर काहीच करू शकत नाही, तो फक्त उंची सांगतो, तिरकेपणा नाही. तिथे फिटर आजोबा. म्हणजे तिघांचंही बरोबर आहे, फक्त तिघांचं काम वेगळं. मित्राचं मात्र मला अजूनही पटत नाही.

शेवटी रविवारी सकाळी बसलो. आधी स्पिंडलची वायर काढून ठेवली, चुकून फिरायला नको. मग प्रोबची दांडी बोटाने दाबून संगणकावर खूण येते का पाहिलं. हे फार महत्त्वाचं. वायर सुटलेली असेल तर टेकल्याचं मशीनला कळतच नाही आणि ते दांडी लाकडात खुपसत राहतं. चाचणीच्या फळीवर एक खोल भोक आहे, ते कसं पडलं याची चौकशी मी केलेली नाही. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून त्यावर हत्याराचं टोक टेकवायचं, असाही एक मार्ग असतो, कारण लाकडातून वीज जात नाही. पण पट्टी काढताना वरचा थर निघून येईल म्हणून मी तो मोडीत काढला.

दर तीन सेंटिमीटरला एक बिंदू. आडवे दहा, उभे सहा, एकूण साठ. टक्... वर... सरक... टक्. बारा-तेरा मिनिटं. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. वाती वळताना जसं होतं तसं मन शांत झालं. उजव्या कोपऱ्यात प्रोब कुंकवाच्या डागावर टेकला तेव्हा मात्र उगीचच पुढे वाकून बघितलं.

नकाशा पडद्यावर आला. मधोमध खोलगट, दोन्ही कडांना उंच, सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा यांत ०.८४ मिलिमीटरचा फरक. आणि डावीकडे कडेला एक छोटासा वेगळाच खड्डा, बोटाच्या पेराएवढा. नातवाला वाटलं मोजण्यात चूक झाली. त्याने ती जागा पुन्हा टेकवून पाहिली, आकडा तोच. मी फळीवर हात ठेवला. तो खड्डा कडीचा होता. दार उघडलं की कडी लोंबून तिथे आपटायची. घरातल्या प्रत्येक माणसाच्या येण्याजाण्याचा तो आवाज, आणि मी तो खड्डा कधी पाहिलाच नव्हता.

पुढचं सोपं होतं. प्रोब काढून व्ही-बिट लावला. आता हत्याराची लांबी बदलली, तेव्हा शून्य पुन्हा ठरवायचं. ते नकाशातल्या पहिल्या बिंदूवरच ठरवायचं, दुसरीकडे नाही, कारण नकाशातल्या सगळ्या उंच्या त्या बिंदूपासूनच्या आहेत. हे शून्याचं प्रकरण नातवाला समजावताना मी त्याला मुंबईचं उदाहरण दिलं. आपल्या महापालिकेची मापं 'टाउन हॉल डेटम'ने घेतात. टाउन हॉल म्हणजे फोर्टातली १८३३ साली पुरी झालेली एशियाटिकची इमारत. परळचं गटार किती खोल हे तिच्याशी बांधलेल्या मापाने सांगायचं. शून्य कुठेही धरा, पण सगळ्यांनी एकच धरा. त्याला हे आवडलं. एशियाटिकच्या पायऱ्यांवर तो फक्त फोटो काढायला गेला होता.

अकरा आडनावं कोरायला तासाभराच्या वर वेळ लागला. कुंकवाचा कोपरा मोकळा ठेवला. हत्यार फळीच्या मध्यावर आलं की किंचित खाली जायचं, कडेकडे आलं की किंचित वर. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण वर-खालीच्या मोटारीची बारीक किरकिर सतत ऐकू येत होती. चाचणीच्या वेळी ती मोटार रेघ सुरू होताना आणि संपतानाच काय ती बोलायची.

संध्याकाळी सुतारकाका आले. त्यांनी फळी खिडकीशी नेली, तिरकी धरली, पहिल्या नावाच्या शिरोरेखेवरून शेवटपर्यंत अंगठ्याचं नख फिरवलं. मग फळी उलटी करून पाठ बघितली. "रंधा मारला नाही?" म्हणाले. नाही म्हटलं. मग त्यांचं बोट त्या तांबूस डागावर गेलं. "हे पॉलिश करताना जाईल बरं का," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "की ठेवायचंय?"

ठेवायचंय म्हटलं. ते पुढच्या आठवड्यात येऊन तेवढा भाग सोडून हात मारणार आहेत. अनुस्वार सगळे आले आहेत, मी मोजले.